अडतीस नंबरचे पेढे

नागपूरहून परत आले तेव्हा आमच्या तासगावच्या शाळेत सगळ्यांनी मला एकच विचारलं, "बाई, संत्री आणली का?" आणली होती. करंडीभर आणली होती. निम्मी गाडीत दबली, उरलेली वाटून टाकली, आणि थंडीच्या, तिखटाच्या, सायकलरिक्षांच्या गमती सांगून वेळ मारून नेली. ज्या शाळेसाठी मला पाठवलं होतं तिच्यावर दीड पानाचा अहवाल लिहून दिला. त्या दीड पानात खरी गोष्ट एकही नव्हती. याला आता दोन वर्षं होऊन गेली. परवा मला एक पोस्टकार्ड आलं, म्हणून सांगायला बसले आहे.

आधी माझ्याबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तेव्हा अठरा वर्षं मी तिसरीच्या वर्गाला शिकवत होते. माझा धाक गावाला ठाऊक आहे. माझ्या वर्गात दर महिन्याला परीक्षा, परीक्षेनंतर पुठ्ठ्यावर नंबरांची यादी, आणि यादीप्रमाणे बसायच्या जागा. पहिला नंबर फळ्यापुढे, शेवटचा नंबर दाराशी, चपलांच्या शेजारी. तिथे दोन वर्षं हौसा नावाची मुलगी बसत होती. पहिल्या वर्षी नापास झाली म्हणून दुसऱ्या वर्षीही तिथंच. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. उलट मुलांना घरी नेण्यासाठी मी नंबराची चिठ्ठी देत असे, आणि पालक ती बघून काय ते समजत. मार्कबिर्क लिहायची गरजच पडायची नाही.

अशा बाईला शिक्षण खात्यानं नागपूरला पाठवलं. तिथं एक लहानशी खाजगी प्राथमिक शाळा आहे, तिथं परीक्षा नाही, छडी नाही, मुलांचा सर्वांगीण विकास होतो, तुम्ही आठवडाभर राहून बघून या, असं साहेबांनी सांगितलं. सर्वांगीण विकास हा शब्द मी तोवर फक्त परिपत्रकात वाचला होता. जायच्या आधीच माझा अहवाल मनात तयार होता, तोही चांगला झणझणीत.

सीताबर्डीची शाल

नागपूर म्हणजे भट्टी, असं जो तो सांगत होता. म्हणून मी चार पातळ साड्या घेतल्या आणि स्वेटर घरी ठेवला. दिवस होते डिसेंबरचे! स्टेशनबाहेर पाऊल टाकलं आणि दात वाजायला लागले. रिक्षावाला पायडल मारता मारता मागे वळून म्हणाला, "बाई, स्वेटर नाई आणला का? थंडी भल्ली पडून राहिली ना." मी म्हटलं, "मला सगळ्यांनी सांगितलं नागपूर गरम असतं." तो इतका हसला की रिक्षा डगमगली. "असते ना, मे महिन्यात या!" असं म्हणून त्यानं रिक्षा सरळ सीताबर्डीच्या बाजारात नेऊन उभी केली. तिथं मी एक तपकिरी शाल घेतली. दुकानदारानं किंमत हिंदीत सांगितली, मी मराठीत कमी केली, त्यानं मराठीत नाही म्हटलं आणि हिंदीत देऊन टाकली. आमच्याकडे कानडी येतं बोलण्यात, इथं हिंदी. दोघांचं भागलं.

शाळा सक्करदऱ्याच्या बाजूला, तलावापासून चालत पाच मिनिटांवर. भोवती सगळी विणकरांची वस्ती. गल्लीत शिरलं की घराघरातून मागाचा खटखट आवाज येतो, आणि दोन घरांच्या मधल्या मोकळ्या जागेत रंगीत सुताचे लांबच लांब ताणे, म्हणजे उभ्या धाग्यांचे पट्टे, ओढून बांधलेले दिसतात. माझी उतरायची सोय कुमुदताईंकडे होती. त्या तिथल्या तिसरीच्या शिक्षिका, पस्तिशीच्या, बारीक अंगाच्या, आवाज इतका हळू की मला दोनदा विचारावं लागे. ही बाई अडतीस पोरं कशी आवरत असेल, हा माझा पहिला प्रश्न.

आवरतच नव्हत्या! सोमवारी सकाळी मी वर्गात गेले आणि दारातच थबकले. कुमुदताई जमिनीवर मांडी घालून बसलेल्या, चार पोरं त्यांच्या पाठीला टेकलेली, दोन खिडकीत, एक पालथा पडून चित्र काढतोय. एक मुलगी उभी राहून ताईंना विचारते आहे, "ताई, तुमी परवा उशिरा काहून आल्या होत्या?" आणि ताई खुशाल सांगताहेत, की आईला बरं नव्हतं. माझ्या वर्गात कुणी मला हा प्रश्न विचारला असता तर मी त्याला... जाऊ दे. माझा हात आपोआप टेबलावर छडी शोधायला गेला. टेबलच नव्हतं.

भिंतीवर एक तक्ता होता. तिथं तरी यादी असेल म्हणून जवळ गेले. त्यावर मुलांनीच लिहिलेलं होतं, कुणाला काय येतं ते. गणपतला सायकलचं पंक्चर काढता येतं. सुमनला भाकर थापता येते. सुधाकरला तराजू धरता येतो. शेवंताला तुटलेलं सूत सांधता येतं. मी कुमुदताईंना विचारलं, "आणि पाढे कुणाला येतात?"

"थेबी येतात ना बहुतेकांना," त्या म्हणाल्या. "पण थे तर तुमालेही येतात. पंक्चर काढता येते का?"

मला राग आला. आलेला राग मी चहात बुडवला, कारण पाहुणी होते.

शेवंताच्या घरी

त्या शाळेत दर मंगळवारी एक विलक्षण प्रकार असतो. सगळा वर्ग उठून एका मुलाच्या घरी जातो. त्या दिवशी ते मूल मास्तर, आणि ताईंसकट बाकी सगळे विद्यार्थी. घरी जे काम चालतं त्यातलं एक काम त्या मुलानं सगळ्यांना शिकवायचं. आमच्याकडे मास्तर घरी आले म्हणजे पोरगं माळ्यावर लपतं. इथं पोरं रस्त्यानं उड्या मारत निघाली होती.

त्या मंगळवारी शेवंताचा दिवस होता. नऊ वर्षांची, सावळी, पुढचे दोन दात मोठे, केसांना चप्प तेल. वर्गात दिवसभरात ती दोन शब्द बोलली असेल. वाचायला लागली की बोट अक्षरावर ठेवून इतकी थांबे की मला घाम फुटे. घरी मात्र ती वेगळीच पोरगी. बापाच्या मागाशेजारी फतकल मारून बसली, सुताचे दोन धागे तोडले, आणि म्हणाली, "पाहा. आसं घ्याचं, आसं फिरवाचं, अन् ओढाचं." बोटं हलली तीही मला दिसली नाहीत. गाठ इतकी बारीक की बोटाला लागेना.

मग एकेकाची पाळी. माझीही. पाच वेळा प्रयत्न केला, पाचही वेळा सूत सुटलं. शेवंता माझ्याकडे बघून अगदी मोठ्या माणसासारखी म्हणाली, "बाई, तुमचा हात घाई करते."

पोरं खोखो हसली. कुमुदताईही हसल्या. मी कानापर्यंत लाल झाले. अठरा वर्षांत कुठल्या पोरीनं मला चूक दाखवली नव्हती, आणि ही कालची पोर!

सगळे तलावाकडे निघाले तेव्हा शेवंताचे वडील, मारोतराव, मागाखालच्या खड्ड्यातून, जिथं पाय सोडून विणतात, वर आले. उंच, पाठीत किंचित वाकलेले, बोलणं सावकाश. त्यांनी मला थांबवलं.

"बाई, तुमी भायेरच्या आहा म्हून इचारतो. आमच्या ताई लई चांगल्या. पण थ्या सगळ्याच पोट्ट्यायले चांगलं म्हन्तात. मंग माही पोट्टी खरंच कशी हाये, मले कसं समजाव?"

"का, शाळेतून काढायचा विचार आहे का?"

"इचार चालू हाये," ते म्हणाले. "दोन मानसाचं काम मी एकला करून राहिलो. हिची माय कांड्या भरते, तिचे डोये गेले. पोट्टी हुशार असन तं शिकवतो. नसन तं कांड्या भरायले बसवतो. तुमी सांगान तसं करतो."

कांड्या म्हणजे मागाच्या धोट्यात बसवायच्या सुताच्या लहान लहान नळ्या. त्या दिवसभर चाकावर भराव्या लागतात. शेवंताची आई दारात उभी राहून ऐकत होती, डोळे बारीक करून. शेवंता तोवर गल्लीच्या टोकाला पोचली होती, सगळ्यात पुढे.

मला काय वाटलं सांगू? आनंद वाटला. अखेर एक शहाणा माणूस भेटला, असं वाटलं. मुलगी कशी आहे हे बापाला कळू नये, अशी कसली ही शाळा? मी म्हटलं, "शनिवारपर्यंत सांगते."

माझी परीक्षा

बुधवारी रात्रीच्या जेवणात मी कुमुदताईंपाशी विषय काढला. एक साधी परीक्षा घेते, वाचन, शुद्धलेखन आणि गणितं. त्यांनी आधी माझ्या ताटात भात वाढला. मग म्हणाल्या, "घ्या. पण कागद माझ्याजवळ द्या. पोट्ट्यायच्या हाती काही देऊ नका."

मी हो म्हटलं. स्पष्ट शब्दांत हो म्हटलं, हे मुद्दाम लिहून ठेवते.

गुरुवारी परीक्षा झाली. पोरांना तो खेळच वाटला. दुपारी झाडाखाली बसून मी कागद तपासले. वाण्याचा सुधाकर पहिला. खरंच चटपटीत मुलगा. शेवंता शेवटची. सहा गणितांपैकी एक बरोबर, शुद्धलेखनाच्या दोन ओळींनंतर कागद कोरा. अडतीसपैकी अडतिसावी. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण बापानं विचारलंय, उत्तर द्यायला हवं, असं मी स्वतःला बजावलं.

आणि मग मी ते केलं. कुमुदताई विहिरीवर पाणी आणायला गेल्या होत्या. शाळा सुटायला दहा मिनिटं होती. मी वहीचं पान फाडून अडतीस चिठ्ठ्या केल्या, प्रत्येकीवर नुसता आकडा लिहिला, आणि वाटल्या. "घरी दाखवा हं," असं माझं नेहमीचं वाक्यही म्हटलं. का केलं? सवय. आणि थोडी खुमखुमी. या शाळेला खरा आरसा दाखवावा, अशी खुमखुमी.

पोरांनी चिठ्ठ्या उलटसुलट करून पाहिल्या. "बाई, हे काय हाये?" सुमननं विचारलं. मी म्हटलं, "तुमचा नंबर." तिला सतरा मिळाला होता. ती "सतरा, सतरा" करत पळाली. कुणीही रडलं नाही. मला ते विचित्र वाटलं. माझ्या वर्गात चिठ्ठ्या वाटल्या की निम्मी पोरं आधीच मान खाली घालतात.

पाटोडीचा रस्सा

शुक्रवारी शाळा सुटताना शेवंता माझ्यापुढे येऊन उभी राहिली. पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघून बोलली. "बाई, बाबानं तुमाले अन् ताईले जेवाले बोलावलं. आत्ताच."

मला वाटलं, चिठ्ठी बघून बाप बोलवतोय. चला, समजावून सांगावं लागणार. शेवटी आली म्हणून मारू नका, घरकामात हुशार आहे, असं काहीबाही बोलायचं मी वाटेत ठरवत होते. चिठ्ठ्या पोरांच्या घरीच राहिल्या होत्या, म्हणून कुमुदताईंना त्यांचं अजून ठाऊक नव्हतं. त्या माझ्या शेजारून शांतपणे चालत होत्या.

दारावर आंब्याच्या पानांचं तोरण होतं.

आत गेलो तर माग बंद. मागावर धुतलेलं धोतर अंथरून ठेवलेलं. शेवंताच्या अंगात नवा झगा. तिच्या आईनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं, अगदी चाचपत, आणि पाटावर बसवलं. ताटात पुरणपोळी, भात, आणि पाटोडीचा रस्सा, म्हणजे बेसनाच्या वड्या आणि लालभडक कट. आमच्या सांगलीकडे तिखट खात नाहीत असं नाही, पण पहिल्या घासाला माझ्या कानातून वाफ निघाली. मारोतराव समोर बसून म्हणाले, "खा बाई, पोटभर खा. आज आमच्या घरी सन हाये."

"कसला सण?" मी विचारलं.

त्यांनी खुंटीवरून चिठ्ठी काढली. माझीच चिठ्ठी. तिला हळदकुंकू लावलेलं होतं!

"अडतीस!" ते म्हणाले. "पूर्ण वर्गात कोणालेच एवढा नंबर नाई. मी गल्लीतल्या सगळ्या पोट्ट्यायच्या चिठ्ठ्या पाह्यल्या. कोणाचा सात, कोणाचा बारा, सुमनचा सतरा. माह्या पोट्टीचा अडतीस."

मला काही समजेना. माझ्या तोंडाकडे बघून त्यांना वाटलं, या बाईला सूत कुठून ठाऊक असणार. ते उठले आणि कोनाड्यातून सुताच्या दोन लडी घेऊन आले. एक माझ्या हातात दिली. जाड, खरखरीत. "हे वीस नंबर. याची सतरंजी होते." दुसरी दिली. हातात काही आहे असंच वाटेना. "हे शंभर नंबर. याचं लुगडं. जितका नंबर मोठा, तितकं सूत बारीक. तितका माल भारी. आमी जलमभर हेच पाह्यतो." मग बायकोकडे वळून म्हणाले, "सांगत होतो ना वं, पोट्टी बारीक सुताची हाये."

शेवंता दाराला टेकून उभी होती. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं, आणि बोटांमागून ती हसत होती. आनंद तिच्या अंगात मावत नव्हता हो! आई म्हणाली, "कालपासून नाचूनच राहिली. हिच्या बाबानं तं सांगून टाकलं, आता कांड्याले दुसरं कोनी पाहू, पोट्टी शाळेतच जाईन."

 मी कुमुदताईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या चिठ्ठीकडे बघत होत्या, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

सांगायचं की नाही? खोटं बोललं म्हणून मी पोरांच्या हातावर वळ उठवले आहेत. आता मी खरं बोलले तर ही पोर सोमवारपासून चाकापुढे बसणार. नाही बोलले तर बापाच्या डोळ्यांत धूळ. त्यानं विश्वासानं मला विचारलं होतं. मी पुरणपोळीचा तुकडा तोडला, तो रश्शात बुडवला, काय करते आहे याचं भान नव्हतं, आणि तोंडात घातला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. थांबेना.

"अव माय, तिखट लागलं बाईले! पाणी द्या वं!" शेवंताची आई गडबडली. शेवंता तांब्या घेऊन धावली. मी मान हलवून म्हटलं, "हो, तिखट आहे फार." आणि पाणी प्यायले. मारोतराव माझ्याकडे बघत होते.

घरी परतताना कुमुदताई माझ्या दहा पावलं पुढे चालत होत्या. फाटकापाशी आल्यावर एवढंच म्हणाल्या, "तुमी मले हो म्हटलं होतं, बाई." इतकी शरम मला आईच्या हातचा मार खाताना वाटली नव्हती.

शनिवार सकाळ

शनिवारी माझी गाडी दुपारची होती. सकाळी निरोप घ्यायला वर्गात गेले तर आत कल्ला. सुधाकर हातात पेढ्यांचा पुडा घेऊन उभा. समोर शेवंता, तिच्याही हातात पेढ्यांचा पुडा.

"अबे, पयला नंबर माहा आला! पयला म्हंजे सगळ्यात मोठा. माह्या बाबानं सांगतलं," सुधाकर ओरडत होता.

"एक मोठा का अडतीस?" शेवंता. वर्गात दोन शब्द बोलणारी शेवंता! "तुले एक संत्रं देल्लं अन् मले अडतीस देल्ले, तं कोनाले जास्त भेटले?"

वर्गात दोन तट पडले. सुमन शेवंताकडून, गणपत सुधाकरकडून. आणि मग कुणीतरी म्हटलं, "अरे, बाईलेच इचारा ना! बाईनंच तं देल्ले नंबर."

अडतीस तोंडं माझ्याकडे वळली. कुमुदताई खिडकीपाशी उभ्या, हाताची घडी घालून. मी दाराकडे पाहिलं, तर उंबऱ्याबाहेर मारोतराव. चपला हातात धरून उभे.

"बाई, सांगा ना, कोनाचा मोठा?" शेवंतानं विचारलं. इतक्या खात्रीनं तिनं विचारलं, की ते डोळे मला अजून दिसतात.

मी तोंड उघडलं.  मग जो आवाज आला तो माझा मलाच अनोळखी वाटला.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

 मग गणपत खुदकन हसला. "बाईलेच माहीत नाही!" आणि सगळा वर्ग हसायला लागला, मला नव्हे, त्या एवढ्या मोठ्या गमतीला. दोन्ही पुडे जमिनीवर ठेवले गेले आणि पोरं पेढ्यांवर तुटून पडली. अठरा वर्षांत वर्गासमोर मी हे वाक्य कधी बोलले नव्हते. बोलले तेव्हा ते खोटं होतं. आता तसं वाटत नाही.

मी बाहेर ओसरीवर आले. मारोतरावांना सगळं सांगून टाकायचं, असं ठरवूनच आले. "मारोतराव, तो नंबर..."

"मालूम हाये," ते म्हणाले.

ते तसेच चपला हातात धरून सांगायला लागले.

"काल तुमी गेल्यावर पेढे घ्यायले चौकात गेलो. सुधाकरचा बाप तिथंच पेढे घेऊन राहिला होता. पोट्टा पयला आला म्हने. म्या इचारलं, मंग अडतीस म्हंजे? थो हासला." मारोतरावांनी चपला खाली ठेवल्या, नीट जोडीनं. "आदी हात उचलत नव्हता पैशे द्यायले. मंग देल्ले. पोट्टी वाट पाहून राहिली होती ना."

"तिला सांगितलं नाहीत?"

"कसं सांगू? नऊ वर्साची झाली, पह्यल्यांदा घरभर नाचली थे."

मी विचारलं, कारण त्याशिवाय मला गाडीत बसवलं नसतं. "मग आता? कांड्या?"

त्यांनी आधी वर्गाकडे पाहिलं. वर्गातून पोरांचा गोंधळ ऐकू येत होता, त्यात शेवंताचा आवाज सगळ्यात वरचा.

"सकाळी मागावर बसून इचार केला. दिवसातून दहादा सूत तुटते माहं. म्हून मी ताणा काढून फेकतो का? गाठ मारतो, पुढं इनतो. जवा तिचं तिले समजन का अडतीस म्हंजे काय, तवा मी समजन पोट्टी शिकली. तवरक येऊ द्या तिले शाळेत."

माझ्या तोंडून "बरं" एवढंच निघालं. ते चपला घालून निघाले. दोन पावलं जाऊन वळले.

"राग नका धरू, बाई. पण मी तुमाले इचारलं होतं, पोट्टी कशी हाये. तुमी मले नंबर देल्ला."

आणि गेले. थोड्या वेळानं गल्लीतून मागाचा खटखट आवाज सुरू झाला, बहुधा त्यांचाच असावा. मी ओसरीवर उभी होते, सीताबर्डीची शाल अंगावर घट्ट ओढून, आणि उन्हातही मला थंडी वाजत होती. कुमुदताई येऊन शेजारी उभ्या राहिल्या. त्यांनी माझ्या हातात एक पेढा ठेवला. कुणाच्या पुड्यातला, ते मी विचारलं नाही.

तासगाव

परत आल्यावर सोमवारी वर्गात गेले. हौसा दाराशी, चपलांच्या शेजारी बसली होती. मी तिला विचारलं, "हौसा, तू घरी काय करतेस गं?" ती घाबरून उभी राहिली. तिला वाटलं, काहीतरी चुकलं. दोन वर्षांत मी तिला पहिल्यांदाच काही विचारलं होतं, आणि ती रडायला लागली. त्या दिवसाबद्दल मला याहून जास्त लिहवत नाही. यादीचा पुठ्ठा मी काढला. मुख्याध्यापकांनी कारण विचारलं, मी म्हटलं, वाळवी लागली होती. म्हणजे खोटं बोलायची मलाही सवय झाली.

आता ते पोस्टकार्ड. अक्षर मोठं, ओळी उतरत्या, पण काना-मात्रा बहुतेक जागच्या जागी. जसंच्या तसं देते.

"ती. बाईंना शेवंताचा नमस्कार. मी आता पाचवीत आहे. आमच्या ताईंच्या शाळेत चौथीपर्यंतच आहे म्हणून बाबांनी मोठ्या शाळेत घातले. इथे नंबर असतात. माझा एकोणिसावा आला. मला वाटले कमी झाला. मग गुरुजींनी समजावून दिले. तेव्हा मला अडतीस समजले. मला तुमचा फार राग आला. मी बाबाले विचारले तुले माहीत होते का. बाबा म्हणाले होते. मी म्हटले काहून नाही सांगितले. तर ते हसले आणि म्हणाले आता तू शिकली. आईचे डोळे दाखवले, चष्मा लागला आहे. कांड्या आई आणि मी सुटीच्या दिवशी भरतो. बाबा म्हणतात का तुम्ही आमच्या घरी जेवताना रडल्या त्या तिखटानं नव्हत्या रडल्या. हे खरे आहे का ते कळवावे."

कार्ड आलं तेव्हा मी मधल्या सुट्टीत डबा खात होते. डबा तसाच झाकून ठेवला. संध्याकाळी पोस्टातून चार कार्डं आणली. एकावर सगळं समजावून लिहायला गेले, ते फाडलं. दुसऱ्यावर माफी मागायला गेले, तेही फाडलं. तिसऱ्यावर दोन ओळी लिहिल्या आणि पुन्हा वाचायला नको म्हणून लगेच पेटीत टाकून आले.

"चि. शेवंता, खरं आहे. गाठ मात्र मला अजून जमलेली नाही, हात घाई करतो."